कराटेचा क्लास लावण्याआधी सरांना काय विचारायचं?

पत्राचा सारांश: डोंबिवलीजवळच्या मोठ्या गृहसंकुलात राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. मुलगी ११ वर्षांची, सहावीत. संकुलाच्या क्लबहाउसमध्ये कराटेचा क्लास सुरू झालाय. सर तिशीतले. जाहिरातीत 'सातवा डान' (डान म्हणजे ब्लॅक बेल्टचे चढते दर्जे), 'शासनमान्य संस्था', 'आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक विजेते' असं सगळं आहे. दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी, त्यासाठी ३६,००० रुपये एकरकमी; दसऱ्याआधी भरले तर ६,००० ची सूट. क्लास चालू असताना पालकांनी आत थांबायचं नाही, कारण 'मुलांची शिस्त बिघडते'. दीर म्हणतात, हे सगळं बोगस आहे, खरं कराटे जपानी गुरूंच्या परंपरेतलंच. नवऱ्याचं म्हणणं, व्यायाम होतोय ना, मग खरं-खोटं कशाला बघायचं? जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये एक तरुणी तायक्वांदो शिकवते, महिना ८०० रुपये, पण तिच्या हॉलमध्ये ना ट्रॉफ्या ना सर्टिफिकिटं. मुलगी आता शिकवणीला एकटी जाते-येते, तिला स्वतःचं रक्षण करता यावं ही आईची इच्छा. दोन प्रश्न आहेत: 'कुठलं सर्टिफिकेट पाहिलं म्हणजे क्लास खरा समजायचा? आणि सरांकडे अशी चौकशी केली तर त्यांचा अपमान होईल का?'

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. अपमान होत नाही. पोटची पोर आठवड्यातून तीन-चार दिवस, तास-तासभर एका अनोळखी माणसाच्या हवाली करायची, तर त्याला चार प्रश्न विचारणं हे तुमचं कामच आहे. गुरूला उलट विचारू नये हा संस्कार आपल्यात खोल मुरलेला असतो. पांढरे ड्रेस, वाकून नमस्कार, एका आवाजातलं 'ओस' हे जपानी अभिवादन, या वातावरणात तो आणखी घट्ट होतो. चांगल्या शिक्षकाला मात्र हे प्रश्न रोजचे असतात. तो बसवून घेऊन उत्तरं देतो, आणि एखाद्या गोष्टीचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर तसं सांगतो. विचारल्यावर ज्यांचा चेहरा उतरतो, त्यांच्याबद्दल तुम्हाला हवी ती माहिती तिथेच मिळाली असं समजा.

आता सर्टिफिकेट. डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो, वकिलाला सनद असते. कराटे शिकवायला असा कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. काळा पट्टा बांधून क्लबहाउसमध्ये कुणीही उभं राहू शकतं. म्हणून 'शासनमान्य' हा शब्द दिसला की लगेच विचारायचं: कुणाची मान्यता, आणि कशाला? बहुतेक वेळा त्यामागे निघते ती फक्त संस्थेची नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. छोट्या व्यवसायांसाठीची उद्यम नोंदणी तर घरबसल्या, स्वतःच माहिती भरून, एक पैसा न देता होते. आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. ही कागदपत्रं खोटी असतात असं नाही. पण सर मुलांना किक कशी शिकवतात, हे यांपैकी एकाही कार्यालयाने येऊन पाहिलेलं नसतं.

ब्लॅक बेल्टचंही थोडं असंच आहे. डानची पद्धत मुळात ज्यूदोची. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा स्थापन केली आणि पुढे आपल्या शिष्यांना दर्जे द्यायला सुरुवात केली. कराटेने ती उचलली. जपानात कराटे रुजवणारे गिचिन फुनाकोशी यांनी कराटेतले पहिले डान १९२४ मध्ये दिले. तेव्हापासून आजपर्यंत बेल्ट म्हणजे एका संस्थेने आपल्या शिष्याला दिलेला दर्जा. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू, वादो-र्‍यू या मोठ्या शैली, प्रत्येकीत पुन्हा अनेक संघटना, आणि उद्या कुणी स्वतःचीच 'आंतरराष्ट्रीय फेडरेशन' काढून स्वतःला वरचा डान दिला तर तेही कागदावर तितकंच रुबाबदार दिसतं. त्यामुळे सरांना 'कितवा डान' हे विचारून फार काही हाती लागणार नाही. कुणी दिला, कुठल्या वर्षी दिला, आणि परीक्षेला समोर कोण बसलं होतं, हे विचारा.

सातव्या डानबद्दल एक हिशेब सांगते. ऑलिंपिकमध्ये खेळल्या जाणाऱ्या तायक्वांदोचे डान दक्षिण कोरियातल्या सोलच्या कुक्कीवॉनकडून मिळतात, ही संस्था १९७२ पासूनची. तिथे पहिल्या डाननंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष थांबावं लागतं, तिसऱ्यासाठी आणखी दोन, मग तीन, चार, पाच, सहा. म्हणजे पहिल्यापासून सातव्यापर्यंत कमीत कमी २१ वर्षं. कराटेत प्रत्येक संघटनेचे नियम वेगळे, पण जुन्या, नावाजलेल्या संघटनांत वरच्या डानसाठी असाच दीर्घ काळ जावा लागतो. तिशीतल्या माणसाचा सातवा डान म्हणूनच चौकशी करण्यासारखा आहे. चौकशीआधी त्यांना लबाड ठरवू नका, एवढंच. आणि शाळेतल्या त्या ताईंनाही हाच नियम लावा. त्यांचा डान कुक्कीवॉनचा असेल तर प्रमाणपत्रावर क्रमांक असतो आणि तो कुक्कीवॉनच्या संकेतस्थळावर तपासता येतो. 'क्रमांक देता का?' म्हटल्यावर त्या सहज देतात का, तेही कळेल.

तुमच्या दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. परंपरा महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे शिक्षकाला विचारणारं कुणीतरी वर असतं. म्हणून सरांना जरूर विचारा, 'तुम्ही कुणाकडे शिकलात? आजही तुम्ही स्वतः कुणाकडे सरावाला जाता का?' माझ्या मते हा दुसरा प्रश्न सगळ्या प्रमाणपत्रांहून जास्त सांगून जातो. पण परंपरा जपानचीच हवी हे मला पटत नाही. कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकवणाऱ्या वस्तादांकडे ना डान असतो ना रंगीत पट्टा. त्यांची पोरं लाठी कशी फिरवतात, हत्यार हातात असताना अंतर कसं राखतात, यावरून वस्ताद ओळखला जातो. उलट, जपानमधल्या थोर गुरूच्या फोटोला हार घालून मुलांना झोडपणारेही असतात.

म्हणून माझी पहिली सूचना: ट्रॉफ्या-सर्टिफिकिटांच्या भिंतीकडे पाठ करा आणि एक पूर्ण तास बसून नवशिक्या मुलांची बॅच बघा. प्रात्यक्षिकाचा कार्यक्रम बघू नका. त्यात कौलं फुटतात, ठरवून बसवलेल्या मारामाऱ्या होतात आणि निवडक चार मुलं पुढे असतात. साध्या मंगळवारचा क्लास बघा आणि नजर शेवटच्या रांगेवर ठेवा. जाडसर मुलगा, डावं-उजवं चुकणारी लहानगी, काल रडलेली मुलगी: सर त्यांच्यापर्यंत पोचतात का? की पुढच्या रांगेतल्या स्पर्धेच्या मुलांवरच सगळं लक्ष आणि मागची बॅच एखाद्या ब्राऊन बेल्टवाल्या दादाच्या भरवशावर?

मनगट सोडवण्याचा सराव चालू असेल तर जवळ जाऊन बघा. एकीने दुसरीचं मनगट धरायचं, दुसरीने ते सोडवायचं. पुष्कळ वर्गांत सरांनी आकडा म्हटला की धरणारीच हात सैल सोडते. धरलं, सुटलं, टाळ्या. वर्षभर हेच केलेल्या मुलीला वाटू लागतं की आपल्याला सुटता येतं, आणि ही खोटी खात्री अज्ञानापेक्षा वाईट. जाणता शिक्षक इथे थांबतो. 'आता खरंच धर' म्हणतो. हात अडकतो, मुलगी नुसती ओढत राहते. मग तो दाखवतो: कोपर अंगाजवळ घे, पाऊल मागे टाक, धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात त्या फटीतून मनगट काढ. पुन्हा हळू, मग थोडा जोर वाढवून. आणि आपल्यापेक्षा दुप्पट वजनाच्या माणसाने धरलं तर हे जमेलच असं नाही, तेव्हा ओरडायचं, पळायचं, हेही तो तिथेच सांगतो. कुठल्याही शैलीचा क्लास असो, हा प्रामाणिकपणा मला सगळ्यात आधी बघावासा वाटतो.

जमिनीकडेही लक्ष द्या. एकमेकांना पाडायला शिकवत असतील तर खाली मॅट हवी, आणि पाडण्याआधी पडायला शिकवलेलं हवं. टाइल्सवर पाडापाडी चालू असेल तर सरळ घरी या. डोक्यावर जोरदार फटके मारण्याचा सराव या वयात नकोच. हेडगार्ड घातलं म्हणजे मेंदूला मार बसत नाही, असं नाही. 'डोक्याला लागलं तर तुम्ही काय करता?' असं विचारा. त्या दिवशी सराव बंद, पालकांना लगेच फोन आणि डॉक्टरकडे, हेच उत्तर यायला हवं. 'थोडं लागायचंच, त्यानेच मुलं कणखर होतात' असं उत्तर आलं तर निघा. मधे पाणी प्यायला देतात का? चुकलं की छडी, मुठींवर पुशअप्स, सगळ्यांसमोर टोमणे असं काही दिसतं का? शिस्त आणि धाक यांतला फरक मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो, तो तुम्हाला मी शिकवायला नको.

आता बंद दाराचा मुद्दा. इथे मी ठाम आहे. आई समोर बसली की लहान मुलांचं लक्ष उडतं हे खरं आहे, आणि रोज पालकांची गर्दी नको असं एखाद्या शिक्षकाला वाटणं समजू शकतं. मग खिडकी असू दे, दार उघडं असू दे, आठवड्यातला एक दिवस पालकांचा असू दे. पण 'कधीच बघायचं नाही' हे ११ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मान्य करू नका, सर कितीही नामांकित असोत. पवित्रा दुरुस्त करताना मुलांना हात लावावा लागतो; तो विचारून, सगळ्यांसमोर लावला जातो का? मुलींशी सरांचे वैयक्तिक मेसेज चालतात का, की सगळे निरोप पालकांच्या ग्रुपवर येतात? बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत महिला प्रशिक्षक असते का, मुक्कामाला कोण कुठे झोपतं? हे प्रश्न विचारताना संकोच वाटेल, तरी विचारा. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की सरांनी 'घरी सांगू नकोस' म्हटलेली कुठलीही गोष्ट घरी सांगायचीच. १८ वर्षांखालील मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यात असा गुन्हा समजल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवणं कायद्याला मान्य नाही.

तुम्ही लिहिलंय की तिला स्वतःचं रक्षण करता यावं. या इच्छेबद्दल मला थोडं खोलात बोलायचंय. आपल्या डोळ्यांसमोर अंधारी गल्ली आणि अनोळखी माणूस येतो, पण मुलींना त्रास देणारा पुष्कळदा ओळखीतलाच असतो, आणि तिथे किक कामाला येत नाही. कॅनडातल्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना १२ तासांचं एक प्रशिक्षण देऊन पाहिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्या मुलींत साधारण ५ टक्के होतं, न घेतलेल्यांत जवळजवळ १० टक्के. त्या १२ तासांत शारीरिक प्रतिकार होता, पण बराचसा भर ओळखीच्या माणसाचा डाव वेळीच ओळखणं, 'तो काय म्हणेल' हा संकोच बाजूला ठेवणं आणि तोंडाने स्पष्ट नाही म्हणणं यांवर होता. त्या मुली तुमच्या लेकीपेक्षा मोठ्या होत्या, देश वेगळा होता, तरी त्यातून क्लास निवडताना कामाला येणारी गोष्ट मिळते. ज्या वर्गात मुलीला 'सर, दुखतंय, थांबा' म्हणता येत नाही, जिथे तिच्या आईला आत बघता येत नाही, तिथे तिला रोज गप्प बसण्याचाच सराव होतोय. स्वरक्षणासाठी क्लास लावायचा असेल तर या एका गोष्टीवर तडजोड नको.

म्हणूनच नवऱ्याच्या 'व्यायाम होतोय ना' या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. निव्वळ व्यायामच हवा असेल तर खो-खो आहे, मल्लखांब आहे, पोहणं आहे, तेही उत्तम.

पैशांचं थोडक्यात. एकरकमी पॅकेज घेऊ नका. नियमित सराव करणाऱ्याला ब्लॅक बेल्टपर्यंत पोचायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात, आणि मुलीचा सराव बघायच्या आधीच हमी देणारा माणूस बेल्ट विकतोय. (तायक्वांदोत तर १५ वर्षांखालच्या मुलांना कुक्कीवॉन डान देतच नाही, त्याऐवजी 'पूम' हा मुलांसाठीचा दर्जा देतं.) फीच्या आकड्यावर जाऊ नका, वर्षाचा सगळा खर्च कागदावर मागा: ड्रेस, दर काही महिन्यांनी येणारी बेल्ट परीक्षा, गार्ड, संघटनेचं सभासदत्व, स्पर्धांची प्रवेश फी. महिना ८०० चा क्लासही परीक्षा-स्पर्धांच्या नावाखाली महाग पडू शकतो. परीक्षेत कुणी नापास होतं का, हेही विचारा. पन्नास मुलं बसली, पन्नास पास, आणि दोन तासांत सगळ्यांच्या कमरेला नवा रंग, असं दरवेळी होत असेल तर ती परीक्षा फीसाठी आहे.

स्पर्धांची 'आंतरराष्ट्रीय' पदकंही तपासून घ्या, विशेषतः ज्यांना दहावी-बारावीचे वाढीव गुण किंवा पुढे नोकरीतलं खेळाडू आरक्षण डोळ्यांसमोर आहे त्यांनी. कराटे आणि तायक्वांदो या दोन्ही खेळांत आपल्याकडे राष्ट्रीय संघटनांच्या मान्यतेवरून वाद झालेले आहेत. खासगी संस्थेने हॉल भाड्याने घेऊन भरवलेल्या खुल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कितीही चकचकीत असलं, तरी सवलतीसाठी ते चालेलच असं नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं महाराष्ट्रात उघड झालेली आहेत. कुठली स्पर्धा धरली जाते हे सरांना विचारू नका, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला सापडली नाही. दीर काय म्हणतात ते आहे, मिस्टर काय म्हणतात ते आहे, लेक काय म्हणते ते नाही. तिला मुळात जायचंय का? मैत्रिणी जातात म्हणून क्लबहाउसचा क्लास हवाय, की तिला किक मारायला आवडतं, की नकोच आहे? मैत्रिणी हे कारणही किरकोळ समजू नका. त्या वयात मुलं त्यासाठीच टिकून राहतात.

तर असं करा. दसऱ्याची मुदत जाऊ द्या. खरी सवलत असेल तर ती दिवाळीतही मिळेल. क्लबहाउसच्या सरांना सांगा की आधी एक तास बसून बघायचंय आणि मग एक महिना, महिन्याचे पैसे देऊन, मुलीला पाठवायचंय. ते हो म्हणाले, वर्ग तुम्हाला बरा वाटला, तर सातव्या डानची जाहिरात मी फारशी मनावर घेणार नाही. मिरवण्याची हौस असलेले काही जण शिकवतात मात्र मनापासून. नाही म्हणाले तर विषय संपला. शाळेतल्या ताईंचा क्लासही याच नजरेने बघा. साधेपणा म्हणजे गुणवत्ता असं धरून चालू नका. त्या नुकत्याच शिकवायला लागल्या असतील तर डोक्याला लागल्यावर काय करायचं, हे त्यांना ठाऊक आहे का ते जास्त बारकाईने विचारा. दोन्हीकडे एखाद्या सोडून गेलेल्या मुलाच्या पालकांशी बोला. चालू पालक कौतुक करतात. सोडून गेलेले का सोडलं ते सांगतात, आणि जाताना पैसे परत मिळाले का, तेही.

ज्या वाचकांनी आधीच एकरकमी पैसे भरलेत आणि आता मन खट्टू झालंय, त्यांच्यासाठीही लिहिते. आधी लेखी अर्ज देऊन उरलेल्या महिन्यांची फी परत मागा. पावती, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जपून ठेवा. 'फी परत मिळणार नाही' असं पावतीवर छापलेलं असलं तरी तिथे थांबू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मुलाशी गैरवर्तन झाल्याची शंका असेल तर फीचा हिशेब बाजूला ठेवा. त्याच दिवशी क्लास बंद करा, मुलाचं ऐकून घ्या, त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा पोलिसांकडे जा. सरांशी समोरासमोर बोलून खात्री करून घेण्याच्या भानगडीत पडू नका, ते काम पोलिसांचं आहे.